अजीजभाई काच जोडायला शिकतात

आमच्या चिंचवडच्या सोसायटीसमोरचा रस्ता खणायला घेतला, तेव्हा मला सेट बदलतानाची गडबड आठवली. पडदा पडलेला, आत हातोडे, शिव्या, फळ्यांची ओढाओढ, आणि बाहेर प्रेक्षक शेंगदाणे सोलत वाट बघतायत. मेट्रो निगडीकडे निघाली होती. पण जिथे खांब यायचा नेमक्या त्याच जागी, जमिनीखाली, फोनच्या आणि इंटरनेटच्या केबल पसरल्या होत्या. त्या आधी उचलायच्या, बाजूच्या नव्या चरात न्यायच्या, पुन्हा जोडायच्या; मगच खांबाचं यंत्र येणार. मी जन्मभर उजेडात उभी राहिले ती विंगेतल्या माणसांच्या जिवावर. त्यामुळे अशा कामाकडे माझी नजर आपोआप वळते.

तसे मला अजीजभाई दिसले. पांढरी दाढी, खिशात पक्कड, फाटकाजवळच्या बदामाखाली डबा उघडून बसलेले. मी पाण्याची बाटली नेऊन दिली, तर ते बाटली सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.

"तुमी सुमनताई न्हाई का? भोसरीच्या जत्रेत नाटक व्हतं. तुमी सावत्र आई झाल्ता."

"झाले होते खरी."

"माझ्या अम्मीनं तुमाला घरी येईस्तोवर शिव्या घातल्या व्हत्या."

इतकी मनापासूनची दाद मला क्वचितच कुणी दिली असेल. त्या दिवसापासून त्यांचा डबा माझ्या तळमजल्याच्या व्हरांड्यात उघडू लागला.

अजीजभाई चिखलीच्या जुन्या गावठाणातले. तरुणपणापासून टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडत आलेले. दोन टोकं सोलायची, बोटांत धरून पीळ द्यायचा, वर प्लास्टिकची बाही चढवायची. एका केबलीत अशा शेकडो जोड्या. एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांचा पहिला फोन त्यांच्या बोटांतून गेला होता. "साहेब लोक फोनवर भांडायचे," ते म्हणत, "पण भांडण पोचवायचं काम आपलं."

आता मात्र त्यांच्यावर वेळ आली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर प्रीतम भला पोरगा; त्यानं माझ्यासमोरच स्पष्ट सांगितलं, "चाचा, तांबं आता फक्त उपसून काढायचं. जोडायची ती सगळी काच, इंटरनेटवाली. काच जमली तर पुढे आकुर्डीला आमच्याबरोबर चला. नाहीतर चिखलीच्या गोडाऊनला वॉचमन पाहिजे. सावलीत बसाल."

"सावलीत बसायला मी काय केळीचं रोप हाय का?" अजीजभाई म्हणाले. प्रीतम हसला, पण तो गेल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच डब्यात ठेवला. मला म्हणाले, "ताई, घरात बसायची भीती न्हाई. पण उद्या कुणी विचारलं, अजीज काय करतो, तर काय सांगायचं? बसतो?"

हे दुखणं मला नवं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "उद्यापासून तालीम. माझ्या टेबलावर."

इंटरनेटची केबल म्हणजे आत काचेचे धागे, केसासारखे. धाग्यावरचं रंगीत आवरण सोलायचं, स्पिरिटनं पुसायचं, टोक सरळ कापायचं आणि मशीनच्या खाचेत ठेवायचं. मशीन ठिणगी टाकून दोन टोकं एक करतं. प्रीतमनं उरलेले तुकडे आणि एक जुनं मशीन दिलं. मी माझा मेकअपचा आरसा काढला, भोवती बल्ब असलेला. उजेड भरपूर झाला.

आधी आनंदाची बातमी कळली. काचेच्या धाग्यांच्या रंगांचा क्रम अजीजभाईंनी ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा! आरं ही तर सगळी आमच्याच तांब्यातली मंडळी!" गुलाबी आणि फिरोजी एवढे दोनच पाहुणे नवे होते.

पण धागे तुटत होते. सोलला, पुसला, कापला, आणि मशीनकडे नेता नेता टक्! पुन्हा टक्! काचेची कुसळं टेबलभर. "कमरुन्निसा मला दारातच उभा करती," ते बायकोबद्दल कुरकुरले. "म्हणती, आधी कपडे झटका, मग घरात या. काल उशीतनं कुसळ निघालं."

प्रीतम दोनदा येऊन बघून गेला. त्याचं लक्ष मशीनच्या पडद्यावर. जाताना चेष्टेनं म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, चाचा." अजीजभाईंच्या मानेवरची शीर टरारली.

मी पडद्याकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. नटाची खोडी हातात सापडते. आणि मला दिसलं. धागा खाचेत ठेवण्याआधी त्यांचा अंगठा हळूच फिरत होता.

"अजीजभाई, तुम्ही खरंच पीळ देताय."

"मी? काहीतरीच काय ताई!"

"पुन्हा करा. अंगठ्याकडे बघा."

टक्! ते अंगठ्याकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

आमच्या कंपनीत एक नट होता, मारुतराव. संवाद सुरू झाला की त्याचा उजवा हात पंख्यासारखा हलायचा. सगळे ओरडायचे, "हात आवर!" आवरला की संवाद विसरायचा. शेवटी दिग्दर्शकानं सांगितलं, एंट्रीच्या आधी विंगेत उभा राहून हवा तेवढा हात हलव, त्याची हौस फेडून मग ये. हे मी अजीजभाईंना सांगितलं.  मग त्यांनी खिशातून तांब्याच्या तारेचे दोन तुकडे काढले, सोलले, आणि झकास पीळ दिला, लांब श्वास सोडत. जोड बाजूला ठेवला. मग काच उचलली. अंगठा गप्प.

मशीननं ठिणगी टाकली. जोड झाला. प्रत्येक काचेआधी एक तांबं, अशी त्यांची रीत ठरली. माझ्या टेबलावर पिळलेल्या तारांचा ढीग साचत गेला.

परीक्षा मात्र न सांगता आली. एका सकाळी खांबाचं यंत्र ट्रेलरवरून उतरलं आणि नेमका त्याच दिवशी काच जोडणारा भीमराज बहिणीच्या लग्नाला गेवराईला गेलेला. आमच्या गल्लीची केबल तोडून नव्या चरात जोडायची होती, बारा धाग्यांची. प्रीतमनं डोकं खाजवलं. "चाचा, घेता?"

धूळ उडू नये म्हणून चराच्या तोंडाशी कापडी तंबू लावला होता, एक बाजू उघडी. मी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. केबल तोडली, नेट गेलं आणि सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या.

"ओ चाचा, माझी मीटिंग आहे!" तिसऱ्या मजल्यावरून शेखर ओरडला. तो घरूनच काम करतो.

"माझी पण इथंच हाय!"

हशा पिकला. पण बोलण्याच्या नादात अजीजभाईंनी थेट काच उचलली. टक्! गॅलरीतून कुणीतरी "गेलं!" म्हणालं. दुसऱ्यांदा, टक्! तंबूतल्या टेबलावर बारा धागे तसेच उघडे पडलेले. खांबाच्या यंत्राचा ड्रायव्हर घड्याळ बघू लागला.

प्रीतम हलकेच म्हणाला, "राहू द्या चाचा. दुसऱ्या साइटवरून माणूस बोलावतो."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी ते गिळले. दुसऱ्याच्या प्रवेशात बोलायचं नसतं.

"परदा सोडा," अजीजभाई म्हणाले.

"काय?"

"तंबूचा परदा. समदं गाव बघतंय. सोडा खाली."

प्रीतमनं कापड सोडलं. आतून लांब सोडलेला श्वास ऐकू आला. मला कळलं, तांबं पिळलं जातंय. मग आतून, जणू नमाजानंतरच्या शांत सुरात, आवाज आला, "निळा." थोड्या वेळानं, "नारंगी." गॅलऱ्यांतली माणसं कठड्यावरून वाकली. "हिरवा... तपकिरी..." प्रत्येक रंगागणिक प्रीतमची मान हलत होती. "काळा" दोनदा ऐकू आला; पहिला जोड कच्चा आला होता, तो कापून त्यांनी परत केला. गुलाबीला मी खुर्चीची कड धरली. मग शेवटचा, "फिरोजी."

"आलं! आलं राव!" वरून शेखर. "नेट आलं!"

कापड वर झालं. अजीजभाई घामानं भिजले होते. प्रीतमनं मीटर लावून एकेक धागा तपासला, आणि भर रस्त्यात त्यांच्या पाठीवर थाप मारली. "चाचा, उद्या आकुर्डी. सात वाजता टेम्पो इथूनच भरायचा."

"सात म्हणजे सात. उशीर करशील तर तुझ्याशिवाय जाईन."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले. चर बुजला होता आणि यंत्र जमिनीत शिरत होतं. टेम्पोत बाकीचे मागे बसले. अजीजभाई ड्रायव्हरशेजारी, जोडायच्या मशीनची पेटी मांडीवर. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात आपटली.

"आरं हळू! आत काच हाय!"

"चाचा, पेटीत नुसतं मशीन आहे," मागून प्रीतम ओरडला.

"असू दे. हळूच घे."