समजा, मी मेलो

किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवायचा, छत्री बगलेत मारायची आणि म्हणायचं, “समजा, मी मेलो. शाळा कोठी अडन?”

एवढं बोलून आमचे हेडमास्तर भर शाळेतून निघून जायचे. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली बसायचे आणि आपल्यावाचून शाळा कुठं अडते, ते दिवसभर बघायचे. पुढचे बेत आखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कागद घेतात, पेन्सिल घेतात. स्वतःचं मरण घेऊन बेत आखणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मी त्या शाळेचा शिपाई होतो. मूळचा साताऱ्याकडचा. चौथीत शाळा सुटली, मामाबरोबर पुसदच्या कापसाच्या जिनात कामाला आलो. मामा तापानं गेला आणि मी इकडेच राहिलो. मी ‘मला’ म्हटलं की पोरं ‘मले, मले’ करून हसायची. त्यात घाबरट इतका, की घंटा दिल्यावर बरोबर दिली का ते बघायला पुन्हा घड्याळापाशी जायचो. दुसऱ्या कुणी मला कधीच काढलं असतं.

“तुले भेव कायचं वाटते रे?” हेडमास्तरांनी एकदा विचारलं.

“सगळ्याचंच, गुरुजी. घंटेचा दोर तुटेल, कौल पडेल, तुमची बदली होईल.”

“मंग तूच पाहिजे मले. बिनघोर मानसाले पुढचा खड्डा दिसत नाही.”

बदलीची भीती खोटी नव्हती. त्यांच्या आधी दोन हेडमास्तर आले होते. दोघेही चांगले होते म्हणतात. पण बदली झाली की त्यांच्या मागोमाग शाळेला कुलूप लागायचं. गुरुजींना तेवढंच टाळायचं होतं. शाळा कशी चालवायची, हे ते कधी विचारत नसत. ती कशानं बंद पडेल, हे विचारायचे, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्यासारखा भित्रा माणूस त्यांना उपयोगी पडायचा.

पहिल्यांदा ‘मेले’ तेव्हा खडू अडला. खडूची पेटी कुठं असते, हे फक्त त्यांनाच ठाऊक. दुसऱ्यांदा चौथीचा वर्ग अडला. गणित फक्त गुरुजीच शिकवत. संध्याकाळी मी रस्ता ओलांडून सांगायला जायचो. ते छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढायचे आणि म्हणायचे, “बरं झालं आजच समजलं.”

आमचे दुसरे मास्तर मिस्कील होते. “गुरुजी, वर्षातून किती डाव मरता? तेरवीचं जेवन तरी घाला!”

“तेरवी आमी सोडली आता,” गुरुजी हसून म्हणाले. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. “पन शाळा अडली नाही, त्या दिवशी जिलबी घालतो.”

दीक्षा घेतली म्हणून गावानं त्यांना खोली दिली नाही. शाळेच्याच मागच्या खोलीत एकटे राहायचे. संध्याकाळी पोरं गेली की शाळेत आम्ही दोघंच.

तिसऱ्या खेपेला पाणी अडलं. पाण्याच्या सुट्टीत गुरुजी रोज रांजणापाशी उभे असत आणि सगळी पोरं एकाच पेल्यानं पीत. त्या दिवशी ते तिथं नव्हते. कुणी सांगितलं नाही, तरी पोरं आपोआप दोन ठिकाणी झाली. बौद्धांची पोरं बाजूला ओंजळ धरून उभी राहिली, वरून कुणी पाणी घालेल म्हणून.

हे सांगायला मी उशिरानं गेलो. पण त्यांनी निंबाखालून सगळं पाहिलं होतं.

“माह्या धाकानं पीत होते तर,” एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी रेघ ओढली नाही.

मला वाटलं, आता छडी निघणार. निघालं वेळापत्रक. पाणी वाढायची पाळी हजेरीच्या क्रमानं लावली आणि खेळाचा तास पाण्याच्या सुट्टीच्या बरोबर आधी आणला.

“उन्हात पोराइले मारता काय बाप्पा?” दुसरे मास्तर म्हणाले.

“खेळू द्या,” गुरुजी म्हणाले आणि निंबाखाली जाऊन बसले.

त्या आठवड्याची पाळी बौद्ध वस्तीतल्या एका मुलीची होती. ती पेला भरून उभी होती. हुतूतू खेळून पोरं आली, थबकली. काही तशीच तहानलेली घरी गेली. दोन दिवस तेच झालं. तिसऱ्या दिवशी चौथीतला सगळ्यात दांडगा पोरगा धापा टाकत आला. “दे वं लवकर, जीव चालला!” म्हणाला आणि तिच्या हातचा पेला घटाघटा प्यायला. मागची पोरं त्याला ढकलायला लागली.

पुढं दोन-तीन वर्षांनी गुरुजींची बदली झाली. शाळा भरल्यावर ते ट्रंक घेऊन निघाले. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाले, तास बुडतात. यवतमाळची एस.टी. यायची होती. ते निंबाखाली बसले आणि मी शेजारी उभा राहिलो.

पाण्याची सुट्टी झाली. दोघांनी रांजणाकडे पाहिलं. नुसती ढकलाढकली चालली होती.

“कोठी अडलं काय?”

“नाही, गुरुजी.”

ते हसले. बस दिसल्यावर ट्रंकेतून पुडा काढून माझ्या हाती दिला. पुसदहून आणून ठेवलेली जिलबी होती. “पोराइले वाट. मास्तरले सांग, फेडलं मनावं.”

बस गेली. मी जिलबी वाटली. पोरांनी खाल्ली, बोटं चाटली, रांजणाकडे पळाली. कशाची, हे कुणीच विचारलं नाही.

सवयीनं मी रस्ता ओलांडून पुन्हा निंबाखाली गेलो. कुठं काही अडलं नाही, हे सांगायचं होतं. उभाच राहिलो. तेवढ्यात शाळेत घंटा झाली. मी इथं होतो, तरी कुणीतरी दिली होती.

वेळेवर दिली होती.