विलीदादाचं ‘मॅनेज करतो’

विली तुस्कानो हा माणूस ‘नाही’ म्हणायला शिकलाच नाही. याचा मला आधी राग यायचा, मग त्याचा फायदा घ्यायची सवय लागली. खोटं कशाला बोलू?

माणूस मूळचा वसईचा, वय चौपन्न. इथे आखातात, देऱ्यातल्या आमच्या ट्रेडिंग ऑफिसात सत्तावीस वर्षं झाली त्याला. धक्क्यावरून गलबतांनी जाणाऱ्या मालाचे कागद तो करतो, शेजारच्या टेबलावर मी करते. राहायला दोघंही अजमानला, एकाच बिल्डिंगमध्ये. सकाळी सहाच्या आत त्याच्या गाडीतून निघायचं आणि संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास सडायचं. त्याची बायको फिलोमिना आणि मुलगी सँड्रा आठ वर्षांपूर्वी वसईला परत गेल्या, सँड्राच्या कॉलेजसाठी. तेव्हापासून हा एकटाच. रात्री जेवता काय, विचारलं तर म्हणणार, “मॅनेज करतो.” गाडीचा एसी बिघडला, मॅनेज करतो. कंबर धरली, मॅनेज करतो. मेल्यावरही शवपेटीतून हेच सांगेल, असं मी त्याला तोंडावर म्हटलंय.

आमच्याकडे सुट्टीच्या फॉर्मवर एक चौकट असते, रिलीव्हर. तुमच्या जागी काम कोण बघणार, त्याचं नाव आणि सही. ती नसेल तर याकूबभाई, आमचे मॅनेजर, फॉर्म हातातसुद्धा घेत नाहीत. गेल्या नऊ वर्षांत मी जेवढ्या सुट्ट्या घेतल्या, त्या सगळ्या फॉर्मवर त्या चौकटीत विलीदादाची सही आहे. सासूबाईंचं ऑपरेशन, भावाची वास्तुशांत. एकदा तर नुसता जीव विटला म्हणून गेले होते. त्याने कारणही विचारलं नाही.

यंदा सँड्राचं लग्न ठरलं आणि विलीदादा दोन महिने गाडीत दुसरं काही बोलेना. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. बँड लावून, वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि पाणी भरून आणायचं. “बहिणीच्या वेळी मी इथे, भावाच्या वेळी इथे,” तो म्हणायचा. “ह्या वेळी बँडच्या पुढे मी चालणार. मग तिथून कोणी हलवून दाखवा मला!”

मग एक दिवस तो फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आला. पंधरा दिवस. रिलीव्हरची चौकट कोरी.

माझी ओवी आठवीत, तिची परीक्षा तोंडावर. नवरा, चारुदत्त, खलिफा सिटीच्या साइटवर, आठवड्यातून एकदा घरी. वर दोन टेबलांचं काम! माझं डोकंच फिरलं. “विलीदादा, माझ्याने नाही होणार हो,” मी म्हटलं. “तुम्हीच काहीतरी मॅनेज करा ना.”

“बरं,” तो म्हणाला आणि फॉर्मची घडी करून खिशात ठेवली.

त्याच आठवड्यात ओवीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं होतं. रोजच्या वापरातलं एक इंग्रजी क्रियापद घ्यायचं, त्याचे अर्थ आणि मूळ शोधायचं. तिने घेतलं ‘मॅनेज’. का, तर म्हणे, “बिकॉज ऑफ विली अंकल.” त्या संध्याकाळी मी त्याला वरणभाताला बोलावलं होतं. मन खात होतं ना! जेवताना ओवीने वही उघडली. ऑफिस चालवणं हा एक अर्थ. कसंबसं निभावणं हा दुसरा. अवघड काहीतरी अखेर जमवणं हा तिसरा. शुक्रवारी येणं जमेल का, असं विचारतात तो आणखी एक. आणि मूळ इटलीतलं. घोड्याला हाताने वळवायचं, शिकवायचं, त्याचा शब्द, कारण त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘हात’ हा शब्द आहे.

“म्हणजे ओवी, मी घोडा की घोडेवाला?” विलीदादाने विचारलं.

ओवीने खरंच विचार केला. “डिपेंड्स, अंकल.”

तो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग ताटाकडे बघत म्हणाला, “थकलो गं आता.” मी ऐकलं, आणि त्याला आणखी भात वाढला.

रात्रभर ते डोक्यातून जाईना. सकाळी गाडीत बसल्याबसल्या मी म्हटलं, “आणा तो फॉर्म, करते सही.”

“खलास. कालच दिला.”

“कोणाची सही घेतलीत?”

“माझीच.”

रिलीव्हरच्या चौकटीत ह्या माणसाने स्वतःचंच नाव लिहिलं होतं! लॅपटॉप घेऊन जाणार, वसईतून काम करणार. याकूबभाईंनी हसत मंजूर केलं, “विलीभाई, आप तो कमाल हो.” मी भडकले. “अक्कल गहाण टाकलीत का?” तर म्हणे, “अगं, नेट आहे आता आमच्याकडे.”

याकूबभाईंकडे जाऊन ते नाव बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. जेवणानंतर जाऊ, म्हटलं. मग उद्या जाऊ, म्हटलं. खरं सांगायचं तर मला आतून हलकं वाटलं होतं, आणि त्याची लाज आजही वाटते.

तो गेला. लग्नाच्या आदल्या दिवशी एका गलबताच्या मालाची यादी जुळेना. खोक्यांचा आकडा चुकत होता आणि क्लिअरिंगवाला घाई करत डोक्यावर उभा, “यल्ला मॅडम, यल्ला.” मी सरळ फोन लावला. दोनच मिनिटांचं तर काम. पलीकडे बँड वाजत होता, तरी मी बोलत राहिले. “थांब, फाइल उघडतो,” तो ओरडून म्हणाला. “मॅनेज करतो.”

पंधरा दिवसांनी तो परत आला, आणि त्याच संध्याकाळी लग्नाच्या केकचा डबा आणि व्हिडिओ घेऊन आमच्याकडे बसला. टीव्हीवर लावला. डोक्यावर कळश्या घेतलेल्या बायका, लाल कोटातले बँडवाले, मागे सगळी आळी. बँडच्या पुढे फिलोमिना एकटीच चालत होती आणि सारखी मागे वळून बघत होती. मग कॅमेरा फिरला. कुंपणाच्या भिंतीवर लॅपटॉप उघडलेला, नव्या सुटातला विलीदादा त्यावर वाकलेला, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला.

“हू इज कॉलिंग हिम, आई?” ओवीने विचारलं.

“कोण नाय गं,” विलीदादा घाईघाईने म्हणाला. “असंच, ऑफिसचं कोणीतरी.”

“मी,” मी म्हटलं. “मी केला होता फोन.”

ओवी माझ्याकडे बघत राहिली. टीव्हीवर तोवर विहिरीचं पाणी भरून झालं होतं, आणि बँड परत निघाला होता.