पेटीभोवतीची राख

…तर पेटी दत्तरावाच्या हरभऱ्यात पडली, तिच्यामागं अर्ध्या शिवारावर प्लास्टिकचा फुगा पसरला आणि माणसं चपला टाकून पळाली, इथवर काल आलो होतो. लिंबाजी पोलीसपाटील तेवढे पळाले नाहीत. शूर होते म्हणावं, तर तसंही नाही, माणूस संशयी. येलदरीजवळच्या त्या गावात कुणाच्या कोंबडीनं दोन अंडी जास्त दिली तरी ते विचारायचे, "शेजारच्याची तर न्हाईत?"

त्यात विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. गावोगाव तणाव, आणि वरून हुकूम, की अनोळखी वस्तू दिसली की पंचनामा करा. पेटीवर मराठीत लिहिलेलं होतं, 'हैदराबादच्या शास्त्रज्ञांची पेटी. धोका नाही. उघडू नये.'

"धोका न्हाई असं कोण लिवतं?" लिंबाजी म्हणाले. "ज्याला धोका म्हाईत हाय त्योच."

पाच पंचांसमोर पेटीचा खिळा न् खिळा त्यांनी लिहून काढला. पेटी चावडीत ठेवली, आणि पंच जेवायला गेले तशी लिंबाजींनी चुलीतली राख चाळून झाकणावर आणि भोवतीनं भुरभुरली. कुणी हात लावला, पाय ठेवला, तर उमटणार. त्यांची बायको कडूबाई दारातून म्हणाली, "भांडी घासायला राख पुरंना, अन् तुमी सरकारी पेटीला पावडर लावायलाव!" हे मात्र पंचनाम्यात आलं नाही. वीस वर्षांची युक्ती. कागदावर आली की चोराला कळलीच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी जीप येऊन पेटी घेऊन गेली. महिन्याभरानं हैदराबादच्या त्या शास्त्रज्ञांपैकी प्रमोदिनीबाई जिंतूरच्या एसटीनं आल्या. मूळच्या परभणीच्याच. चहाला हात लावला नाही. पंचांदेखत म्हणाल्या, "पाटील, पेटीला काय केलंत?"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. आभाळात ताऱ्यांच्या जत्राच्या जत्रा आहेत. त्यांचा वेग असा, की त्या कधीच पांगायला हव्यात. न दिसणारं कसलंतरी वजन त्यांना धरून आहे. ते वजन हळूहळू विरत असेल, तर त्यातून क्ष-किरण निघतील, अशी अटकळ. फुग्यानं उंच नेलेल्या पेटीनं खरंच थोडे किरण जास्त मोजले, कशातच न बसणारे. पण परत आल्यावर जमिनीवर मोजलं, तर तिथंही जास्तच!

"म्हणजे पेटीलाच काहीतरी चिकटलंय. आणि तुमच्या कागदावर तर तिला कुणाचं बोटही लागलेलं नाही."

लिंबाजींचा एकही पंचनामा आजवर कोर्टात खोटा ठरला नव्हता. खरं बोलावं तर हा पंचनामा खोटा पडला, गप्प बसावं तर या पोरीचं काम बुडालं. लिंबाजींनी पंचनाम्याची नक्कल मागवली, खाली लिहिलं, 'राख मी टाकली', आणि सही ठोकली.

"मंग आमच्या सह्या खोट्या का वो पाटील?" पंचांतला दत्तराव म्हणाला.

"तुमच्या खऱ्या. माझीच अर्धी हाय."

प्रमोदिनीबाईंनी तेव्हा कुठं चहा घेतला. म्हणाल्या, राखेत पोटॅश असतं, ते अगदी मंद किरण सोडत राहतं. जाताना कडूबाईकडून मूठभर राख पुडीत बांधून घेतली.

उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं. फटीफटीतली राख काढल्यावर जमिनीवरची वाढ गेली होती. आभाळातली मात्र तशीच होती. तेव्हा तर राख नव्हतीच. 'तुम्हाला काय वाटतं पाटील, ते न दिसणारं वजन सापडलं असेल का?'

लिंबाजींनी कार्डावर लिहून पाठवलं ते असं: "बाई, राख सुटली म्हणून चोर घावला असं होत न्हाई. अजून तुमच्या घरच्यांचे जबाब कुठं झालेत? मशीन, तारा, मोजणारा माणूस, समद्यांचे घ्या. अन् माझं नावबी संशयितांच्या यादीत राहू द्या, खोडू नका."