पेपरातली रात्र

मी चौथी शिकलो. बायको शाळेत गेलीच नाही. म्हणून पेपर मी मोठ्याने वाचायचा आणि तिने कामं करता करता ऐकायचं, अशी आमच्या घरची रीत. ती गेल्यापासून मी पेपर बंद केला. वाचून ऐकवायचा कोणाला?

रत्नागिरीच्या बाहेर आमची वाडी. बायको नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसायची. वाडीतली एक पोरगी शहरात कपड्यांच्या दुकानात कामाला होती. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि हिच्याकडून मांदेली घेतली. तेवढ्यात दुकानाचा माल पोचवणारा टेंपोवाला थांबला. मालकाने परत बोलावलंय, माल मोजायचाय, चल, म्हणाला. ती बसली. त्याने टेंपो दुकानाकडे नेलाच नाही. आरे-वारेच्या समुद्राकडच्या सुनसान रस्त्याला नेला आणि तिच्यावर बलात्कार केला.

पोरीने आईला सांगितलं. दोघी पोलिसांत गेल्या, तक्रार लिहून होईपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी पोलीस वाडीत आले. पोरगी टेंपोत बसताना बायकोने पाहिली होती आणि मासे घ्यायला उभी असलेल्या आमच्या शेजारणीनेही. दोघींनी एकच सांगितलं, संध्याकाळी, उजेडात.

मग पेपर आला. ‘मित्रासोबत रात्री फिरायला गेलेल्या तरुणीवर अतिप्रसंग, परिसरात खळबळ.’ नाव दिलं नव्हतं, पण कोण ते आंधळ्यालाही कळावं असं वर्णन होतं.

बायकोने विचारलं, “अतिप्रसंग म्हणजे?”

“बलात्कार.”

“मग तसं का लिहीत नाहीत? घर फोडलं तर चोरी लिहितात ना?”

“लिहितात.”

“आणि मित्र कोण?”

“तो टेंपोवाला.”

“नि रात्र कुठची?”

मला काय माहीत. तक्रार रात्री लिहिली, ती रात्र त्यांनी पोरीच्या गळ्यात घातली असेल.

चार दिवसांत वाडी पेपरासारखी बोलायला लागली. जिने उजेडात बघितलं ती शेजारीणसुद्धा नळावर म्हणाली, “एवढ्या रात्रीचं मित्राबरोबर जायचं कशाला?”

बायकोने हंडा खाली ठेवला. “काय गो, माझ्या पाटीपाशी उभी राहून बांगडे ताजे आहेत का म्हणून त्यांचे डोळे बघून नाक मुरडत होतीस ना? काळोखात दिसले तुला डोळे?”

“तसं नाही गो. पण पेपरवाले काहीतरी चौकशी करूनच छापत असतील.”

पोरीने कामावर जाणं सोडलं. शेजारीण तिच्या घरावरून जाताना मान खाली घालायची.

पावसाळ्यात बायकोच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

कोर्टाची तारीख लागली तेव्हा पोरीची आई माझ्याकडे आली. टेंपोवाला म्हणत होता, ती माझी मैत्रीण, रात्री आपणहून आली. म्हणजे पेपरात होतं तेच. सरकारी वकिलाने आईला सांगितलं होतं, मेलेल्या बाईचा पोलिसांपुढचा जबाब चालणार नाही, आता सगळं त्या शेजारणीवर आहे. मी शेजारणीकडे गेलो.

“काका, मी खोटं कसं बोलू? मला काळोखच आठवतो. टेंपोचे दिवे लागलेले आठवतात.”

ती मुद्दाम करत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं.

तिचा नवरा आतून म्हणाला, “कोर्टकचेरी आपल्याला नको.”

“तुम्ही आधी लुंगी नीट बांधा, मग कोर्टाचं बोला,” ती म्हणाली.

मी विचारलं, “त्या दिवशी मासे घेऊन कुठे गेलीस?”

“घरी. आणखी कुठे जाणार?”

“घरी येऊन काय केलंस?”

“काय करणार? मासे मांजराच्या तावडीत नकोत म्हणून वर टांगले. मग आमसुलं उलटायला बसले. अंगणात पसरलेली होती, तेवढंच शेवटचं ऊन मिळेल म्हणून...”

ती थांबली. माझ्या जागी बायको असती तर तिने आणखी चार शब्द सुनावले असते.

तिने विचारलं, “मग काळोख कुठून आला, काका?”

“तो तू पेपरात वाचलास.”

कोर्टात असल्या केसला दार बंद ठेवतात. मी आणि पोरीची आई बाहेर बाकावर बसलो. शेजारीण साक्ष देऊन बाहेर आली तेव्हा तिचा पदर घामाने भिजला होता. आत काय झालं ते तिनेच सांगितलं. टेंपोवाल्याच्या वकिलाने विचारलं, बाई, पेपर वाचता का? ती म्हणाली, “वाचते. पण त्या संध्याकाळी मी मासे घेत होते, पेपर वाचत नव्हते.”

पोरगी जिन्यापाशी उभी होती. शेजारीण तिच्याजवळ गेली. “बाय, चहा घेऊया का गो?”

“आज नको, मावशी.”

शेजारणीने मान हलवली. आग्रह केला नाही.

निकाल अजून लागायचा आहे. परतताना रिक्षात शेजारीण रडायला लागली, ती वाडी येईपर्यंत रडतच होती. मी बाहेर बघत बसलो. रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते माझ्या बायकोला यायचं. मला येत नाही.