बुडवलेली होडी

यमुनाबाईंचा फोन आला. ‘सर, सोमवारी होडी वर काढतोय. हे म्हणत्यात, सरांना बोलवा.’

सोमवारी सकाळीच मी नाशिकहून निफाडची एसटी धरली. हिवाळा असूनही आभाळ भरून आलं होतं. शेजारी बसलेले द्राक्षबागवाले गृहस्थ अख्ख्या प्रवासात एकच वाक्य बोलले, ‘हे आभाळ काय बरं नाय.’ उतरतानाही तेच बोलले. मला माझी काळजी होती, म्हणून मी नुसती मान हलवली.

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. लाकडी नावांचं मला जुनं वेड. त्या वेडापायी ओमानच्या किनाऱ्यावर भर उन्हात सुतारांची कामं बघत उभा राहिलो, केरळात काथ्याने शिवलेल्या नावांवरून हात फिरवला. नॉर्वेत तर शेकडो वर्षांपूर्वीची नाव मंद दिव्यांत, कोरड्या हवेत जपून ठेवलेली पाहिली आणि डोळे भरून आले. पण घरापासून तासा-दीड तासावर, गोदावरीच्या फुगवट्याला (धरणामुळे मागे साचलेल्या पाण्याला) किसनबाबा भोई स्वतः बांधलेल्या होडीतून मासे धरतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पहिल्यांदा गेलो तो दोन उन्हाळ्यांपूर्वी. होडी कुठे दिसेना. बाबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. काठालगत, दगड भरून, होडी चक्क बुडवून ठेवलेली. उन्हं तापली की ते दरवर्षी महिनाभर असंच करत. ‘लाकूड तहानलं की फाटतं, सर. त्याला पाणी पाजावं लागतं.’

मी हबकलो. मोबाइलवर नॉर्वेच्या नावेचे फोटो दाखवले आणि मास्तरकी झाडली. ‘बाबा, अशी कला चिखलात कुजवू नका. वर काढा, सावलीत कोरडी ठेवा.’ बाबा नुसते हसले. त्यांच्या पत्नी यमुनाबाई मात्र मन लावून ऐकत होत्या.

पुढच्या फाल्गुनात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कायमचा गेला. ते दवाखान्यात असताना यमुनाबाईंनी चार माणसं बोलावून होडी वर ओढली आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. सरांनी सांगितलं होतं ना! अख्खा उन्हाळा ती पत्र्याखाली भाजली. या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा तळाच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नवी होडी होणं शक्य नव्हतं. बांधणारा हातच राहिला नव्हता, आणि त्या काठावर दुसऱ्या कुणाला ते काम येत नाही. यमुनाबाई आता थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायच्या. वाऱ्याने तो दोनदा उलटला होता. म्हणून दिवाळीतच होडी पुन्हा दगड भरून बुडवली. लाकूड फुगून फटी मिटल्या तर मिटल्या. एवढी एकच आशा होती.

मी पोचलो तेव्हा बाबांची बाज काठावर आणून ठेवली होती. दोघा पुतण्यांनी गार पाण्यात उतरून दगड काढले, घमेल्याने पाणी उपसलं. होडी हळूहळू वर आली आणि तरंगली. मी तर टाळीच वाजवली.

‘थांबा, सर,’ बाबा म्हणाले. ‘राख पसरा.’

ही त्यांची रीत. होडी आतून फडक्याने टिपायची, तळाला चुलीची कोरडी राख पसरायची आणि बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं. राख कोरडी राहिली तर होडी पाण्याची. बाबांची बिडी यमुनाबाईंनी पेटवून त्यांच्या डाव्या हातात दिली. मी होडीपाशी उभा होतो. बिडी अर्धीही झाली नव्हती, तोच मधल्या फळीवरच्या राखेत एक काळी रेघ उमटली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. फळी नुसती आक्रसली नव्हती, उभी चिरली होती.

‘सर, काळी पडली का?’ बाजेवरून बाबांनी विचारलं.

‘थोडीशी,’ मी म्हणालो.

‘थोडीशी नसती पडत, सर.’ त्यांनी बिडी विझवली. ‘काढा रे बाहेर. सरपणाला व्हईल.’

दुपारी भाकरी आणि माशांचं तिखट कालवण होतं. यमुनाबाई आग्रहाने वाढत होत्या. ‘बाबा, चूक माझी,’ मी म्हणालो. त्यांनी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. मग म्हणाले, ‘ती फोटोतली, तिकडची होडी पाण्यात घातली, तर तरंगंल का वो?’

‘नाही, बाबा.’

‘मंग तुमची काय चूक? तुमी तसलीच बघितली व्हती.’

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारच्या सुमारास यमुनाबाई जाळी घेऊन काठाला आल्या. वारा सुटला होता. ‘सर, जरा धरता का? बसताना लय हलतो.’ मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि दोन्ही हातांनी तराफा धरला. त्या बसल्या, पदर खोचला, जाळी मांडीवर घेतली.

‘सोडा आता.’

मी सोडला. परतीची एसटी पुलावर आली, तेव्हा त्या राखाडी पाण्यात एक पांढरा तुकडा हलताना दिसला.

नॉर्वेच्या त्या नावेचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. काढून टाकावा असं वाटलं होतं, पण त्या नावेचा काय दोष? नावा बघण्यासाठी एवढं जग हिंडलो, आणि नाव पाण्यासाठी असते हे मला कधी सुचलं नाही. आता नाशिकात संध्याकाळी वारा सुटला, की मी यमुनाबाईंना फोन लावतो.

‘आलात का काठाला?’

‘आले, सर.’

मग मी जेवायला बसतो.