कारंज्याले देवमासा आला तेव्हा

माझ्या तोंडानं मले आयुष्यात लय वेळा बुडवलं. पण जिथून समुद्र कुठच्या कुठं, अशा गावात समुद्राच्या नावानं बुडवलं ते एकदाच! चहा येऊन राह्यला, तवर ऐकून घ्या.

गोठ आहे सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारातली. वाशीम जिल्हा अजून व्हायचा होता. आमचं कारंजा तेव्हा अकोल्यात मोडे. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान अन् जोडीले भोंगे. लग्न असो, कीर्तन असो, का कोणाचा बैल हरवला असो, टांग्यात बसून गावोगाव पुकारा करायचा तो मीच. अन् पुकारा करणाऱ्याचा धर्म काय? पाल दिसली त मगर म्हणायची!

एक दिवस कस्तुरसेठ दुकानात आले. कापडाचे व्यापारी, जैन माणूस, मुंगीले वळसा घालून चालत. त्यांनी मुंबईची एक संस्था बोलावली होती. देशभरातली रानातली जनावरं अन् समुद्रातले जीव वाचवायचं काम करे ती. कारणही तसंच होतं. आमच्या गवताच्या माळावर काळविटांचे कळप. शहरातले शौकीन जीप घेऊन येत अन् दिवसाढवळ्या गोळ्या घालत. कायदा झाला होता. पण कायदा दिल्लीत अन् बंदूक माळावर!

"वसंता," सेठ म्हणाले, "सोमवारी सांजच्याले कापसाच्या जिनिंगच्या मैदानात देवमाशाचा सिनेमा दाखवतीन. मंग मुंबईच्या बाई काळविटावर बोलतीन. लोक जमले पायजे बरं! मांगच्या अहिंसेच्या भाषनाले मी, माझा मुनीम अन् एक बकरी, एवढेच होतो."

"सेठ, तुमी बिनघोर राहा. मैदान कमी पडन!"

त्या आठवड्यात मी खरं बोललो ते एवढंच वाक्य.

टांगा निघाला. पहिल्या गावात ओरडलो, "देवमाशाचा सिनेमा!" कोणी मान वर केली नाही. पुढच्या गावात म्हणलं, "मुंबईचा देवमासा, तोबी फुकटात!" दोन-चार डोकी वळली. धनज येईपर्यंत मले चेव चढला होता.

"समुद्रातला देवमासा! हत्ती त्याच्यापुढं उंदीर! सोमवारी कारंज्यात येऊन राह्यला हो! बायाबापड्यांनो, जन्मात एकदाच!"

मधला 'सिनेमा' कुठं गेला म्हणता? मले काय माहीत! टांगा लय उसळत होता, पडला असन रस्त्यात.

सोमवारी दुपारीच दुकानाबाहेर गलका ऐकू आला. पाहतो त काय, बैलगाड्याच बैलगाड्या! तिकडं एस.टी.चा कंडक्टर पत्र्यावर थापा मारून ओरडून राह्यला, "देवमाशावाले, उतरा!"

बायांच्या हातात नारळ अन् हळदकुंकू. बरोबरच आहे ना! नावातच देव, मंग नारळ आलाच. गावाकडचे माळी लोक त गाड्यांवर पाण्याचे पिंप घेऊन हजर.

"हे कायले आनलं बे?" मी विचारलं.

"कायले म्हनजे? मासा हाय न तो! पान्याबिगर मरन ना!"

त्याच्या मागून एक किराणावाला, डोक्यावर मिठाचं पोतं. "समुद्रातला जीव हाय बाप्पा. गोडं पानी बाधन त्याले!"

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथं खरं सांगून टाकलं असतं. मी काय केलं? म्हणलं, "पिंप तिकडं सावलीत ठेवा."

ऊन कललं अन् संस्थेची गाडी आली, वरून ताडपत्री झाकलेली. झालं! लोक समजले, मासा आत. धनजची गोदामाय पुढं झाली. ही गोदामाय म्हणजे भाजी विकता विकता अख्ख्या बाजाराले दम भरणारी म्हातारी. तिनं गाडीले कुंकू लावलं अन् पुढच्या बंपरवर नारळ फोडला. पाणी उडालं ते आतून उतरणाऱ्या मुंबईच्या कामत बाईंच्या अंगावर!

बाईंचा जन्म समुद्रात बोटीवर हिंडण्यात गेलेला, पण असं स्वागत कुठंच झालं नसन.

"हे काय चाललंय?" त्यांनी मले विचारलं.

"दर्शन," मी म्हणलं.

गोदामायनं बाईंचा हात धरला. "बाई, आत काय हाय वं?"

"मशीन आहे, आजी."

"अगं माय! माशाले मशीन लावलं? जित्ता हाय न तो?"

कस्तुरसेठनं माझ्याकडं पाह्यलं. मुंगीले जपणारा तो माणूस. पण त्या नजरेत माझ्या वाट्याची अहिंसा शिल्लक नव्हती. मी मान खाली घालून काय पुकारलं ते बाईंले सांगितलं.

तेवढ्यात कोणीतरी ताडपत्री ओढली. आत पेट्या, तारा अन् सिनेमाचं मशीन. मंग दोन सवाल उठले. "मासा कुठं हाय?" अन् "भोंगेवाला कुठं हाय?" दुसरा सवाल जास्त जोरात!

मी पिंपाआड बसलो. सगळ्यात मोठा आवाज दौलत पाटलाचा. माळाकाठच्या गावचा हा पाटील, अन् शिकाऱ्यांच्या जीपीत पुढं बसून काळविटांचा ठावठिकाणा दावणारा हाच. तो गरजला, "बुडवा त्याले पिंपात! पानी आनलंच हाय!"

मी पिंपाआडून मिठाच्या पोत्याआड सरकलो राजेहो! तेवढ्यात भोंग्यातून कामत बाईंचा आवाज आला. शांत, जराही न कापणारा.

"देवमासा आलेला नाही. तो येऊच शकत नाही. किनाऱ्यावर आला की स्वतःच्याच वजनाखाली दबून मरतो. पण त्याच्यासाठी कुणी एवढ्या लांबून पाणी आणि मीठ आणलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. तो त्याच्या घरी कसा राहतो ते तुम्हाला दाखवते. बसता का?"

कोणी हालेना. मंग गोदामायनं पदर सावरला अन् जमिनीवर बसकण मारली. "एवढ्या दुरून आलो, पाहूनच जाऊ. बसा रे सारे!"

मैदान बसलं.

बाईंनी आणलेला पडदा तेवढ्या गर्दीपुढं टॉवेलाएवढा. मंग जिनिंगच्या गोदामाची चुन्यानं पांढरी केलेली भिंत धरली. दिवस मावळला, मशीन घुरघुरलं, अन् भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पाण्यातून देवमासा आला.

काय सांगू! माझ्या पुकाऱ्यापेक्षाही मोठा होता तो. पोटाशी त्याचं पिल्लू.

"लेकुरवाळी हाय वं!" एक बाई हळूच बोलली. कितीकांनी हात जोडले.

मंग भिंतीवर जहाज आलं. भाला सुटला. पाणी लाल झालं. अन् जहाजावरच्या शिकाऱ्याले पहिली चप्पल गोदामायनं मारली! मंग चपलांची अशी झड लागली, का ती भिंत पुन्हा चुना मारून घ्यावी लागली.

बाईंनी मशीन थांबवलं. "समुद्रातल्या शिकाऱ्यापर्यंत तुमची चप्पल पोचणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या माळावरच्यापर्यंत पोचेल."

काळविटावरचं भाषण एवढंच. पुढचं काम गोदामायनं केलं. "काहून रे दौलत," ती भर मैदानात बोलली, "माळावर जीप कोन नेते?"

दौलत पाटील इकडं पाहे, तिकडं पाहे. मागून कोणीतरी आठवण दिली, "पिंप भरलेलेच हाय!"

पाटील उभा राह्यला. एका बाईनं त्याच्या हातात नारळ दिला, अन् त्यानं त्या नारळाची आण घेतली, "आजपासून जीपीले आमच्या गावातून रस्ता नाई!"

अन् पाळली बरं का! हिवाळ्यात जीप आली तेव्हा गाडीवाटेवर बैलगाड्या आडव्या, अन् त्यापुढं खाटेवर दौलत पाटील, विडी ओढत. शिकाऱ्यांनी हॉर्न वाजवला, धमक्या दिल्या, अन् आल्या वाटेनं परतले. पुन्हा आले, पुन्हा परतले. मंग यायचेच बंद झाले. पावसाळ्यानंतर मी स्वतः डोळ्यानं पाह्यलं, माळावर काळविटांची पिल्लं अशी उड्या मारत होती, जशी काही जमीन पायाले चटके देऊन राह्यली!

कस्तुरसेठनं मले पेढा भरवला. म्हणाले, "वसंता, जीव वाचले, हे पुन्य तुलेच लागो. पन पुढच्या खेपेले खरं बोलजो बाप्पा!"

पुढची खेप आली, त्याच सिनेमाची, पोहरादेवीकडच्या एका गावात. मी सेठचा शब्द पाळला. टांग्यात बसून गावोगाव शुद्ध, सोवळं सत्य पुकारलं. "ऐका हो! देवमासा येनार नाई! त्याचं शेपूटबी येनार नाई! नुसता भिंतीवरचा उजेड हाय! नारळ आनू नका, पानी आनू नका!"

लोकांनी लय मनावर घेतलं. ते स्वतःही आले नाहीत.

सांजच्याले रिकाम्या मैदानात ट्रक येऊन थांबला. कामत बाई उडी मारून उतरल्या अन् हसत हसत ताडपत्री ओढली. आत कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या खऱ्याखुऱ्या देवमाशाचा जबडा! ट्रकात मावत नव्हता, मागून बाहेर आलेला.

"वसंतराव, या वेळी तुमचा पुकारा खोटा पडू नये म्हणून मुद्दाम आणलाय! लोक कुठं आहेत?"

मी त्या जबड्याकडं पाह्यलं. चांगला वासलेला होता, अन् आत जाऊन बसाले जागाही भरपूर होती.