तुटक रेषांचे पाय

सांडपाण्याच्या खात्यात नकाशे काढण्यात पट्टीबाईंची हयात गेली. खरं नाव दुसरंच, पण हातातली पट्टी कधी सुटायची नाही म्हणून हे चिकटलं. नकाशे त्यांचे आणि खाली सही साहेबांची. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं म्हणून त्या तळ्यावर जाऊ लागल्या. तिथं एका बगळ्यानं त्यांना बसवून ठेवलं आणि चालणं राहिलं बाजूला.

त्या वहीत पक्षी काढू लागल्या. पहिले पक्षी अगदी नळासारखे आले, सरळसोट. घरच्यांची हसून हसून पुरेवाट झाली. बाई हटल्या नाहीत. पट्टी कपाटात टाकली, पेन्सिल सैल धरायला शिकल्या, पानाच्या कडेला ऊन, वारा, पक्षी काय खात होता, सगळं टिपू लागल्या. खात्याची एक सवय मात्र अंगात मुरलेली: जमिनीखालचा नळ डोळ्यांनी पाहिला नसेल, तर तो तुटक रेषेनं दाखवायचा. बगळा गढूळ पाण्यात उभा होता. बाईंनी पाण्याखालचे पाय तुटक रेषेनं काढले.

निसर्गमंडळानं ते चित्र प्रदर्शनात घेतलं. खाली बाईंचं नाव छापलं, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी झाडून साऱ्या नातलगांना बोलावलं. पण उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मंडळाच्या अध्यक्षांना ते पाय खुपले. लोक हसतील, पुस्तकात बघून भरून टाका, असं त्यांनी सुचवलं. नवऱ्यानंही कानाशी लागून समजावलं, की हातातोंडाशी आलेला घास घालवू नकोस.

बाईंचा जीव त्या छापील नावात अडकला होता. त्यांनी पेन्सिल उचललीसुद्धा. मग खाली ठेवली.

"पाय मी पाहिले नाहीत. न पाहिलेलं पाहिलं म्हणून नाही सांगणार."

"मग चित्र ठेवता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी स्वतःच चित्र खिळ्यावरून उतरवलं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण तोंड लपवून घरी जायला त्या तयार नव्हत्या.

संध्याकाळी नणंद ठेवणीतले कपडे घालून आली आणि दालनभर हिंडून म्हणाली, "वहिनी, तुमचं चित्र कुठंय?"

नवरा छताकडे बघू लागला. बाईंनी रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं आणि काखेतलं चित्र, अध्यक्षांच्या देखत, नणंदेच्या हातात ठेवलं.

"पाय बघा आधी," त्या साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.